सांदवाडीतला फुलोरा

सडक अर्जुनी,
१४ डिसेंबर २०२४

चि. यशोदा,
तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

माझं पाकीट पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहितो की घरात सगळे धडधाकट आहेत. फोन का केला नाही ते तुला ठाऊक आहे. फोन जवळ नेला की माझं कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, मग तुझी भाची आचल मधे बसून तुझं बोलणं माझ्या कानात ओरडते. ही गोष्ट आचलच्या तोंडून जायला नको.

आपल्या सांदवाडीतला बांबू फुलला.

सकाळी दात घासत घरामागे गेलो आणि ब्रश तोंडातच राहिला. अख्ख्या बेटावर हिरवं पान नाही. शेंड्यापासून बुडापर्यंत नुसते झुपके, धानाच्या लोंब्यांसारखे. आठ दिवसांपासून पानं झडत होती, मला वाटलं थंडीनं असेल. तुझी वहिनी आली, पाहिलं आणि खालीच बसली. दुपारपर्यंत अर्धं गाव सांदवाडीत. म्हातारा टिकाराम म्हणाला, "गोपीचंद, मागच्या खेपेस हा फुलला तवा का झालं, इसरला का?"

मी विसरलेलो नाही. तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस, तूही विसरली नसशील. बांबू फुलला आणि त्याच वर्षी श्रावणात माय गेली.

आचलचं साक्षगंध जूनमध्ये झालं, तेव्हा तू होतीसच. आपल्या रीतीप्रमाणे बांबूचा मुळांसकट काढलेला गड्डा तिच्या सासरी, बिरसीला पोचवला, विहीणबाई देवकाबाईंनी तो स्वतःच्या हातानं अंगणात लावून घेतला. पोरगा, पीयूष, चांगला आहे. लग्नाला अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरला आहे. आणि आता हे असं. मला काही सुचत नाही, म्हणून तुला लिहितो.

तुझा दादा,
गोपीचंद

&nbsp;

कुर्डूवाडी,
२३ डिसेंबर २०२४

प्रिय दादा, वहिनी,
दोघांना नमस्कार.

तुझं पत्र मी अंगणात उभ्या उभ्या वाचलं. "बांबू फुलला" इथपर्यंत आले आणि मान वर केली. मग आत जाऊन पाणी प्याले, आणि पुन्हा बाहेर येऊन पाहिलं.

दादा, माझाही फुलला आहे.

मी कोणाला बोलले नव्हते. मला वाटलं कीड लागली. ह्यांनी दुकानातून औषध आणलं, मी दोन वेळा फवारलं, शेजारीण म्हणाली वासानं मांजर पळालं. कीड नव्हती ती. तू लिहिलंस तेच, लोंब्यांसारखे झुपके, पान एक नाही. लग्नानंतर गोंदियाहून निघाले तेव्हा पोत्यात गुंडाळून मांडीवर ठेवून आणलेला गड्डा तो. टीसीनं विचारलं होतं यात काय आहे, तर हे म्हणाले, सासऱ्यांनी दिलेला हुंडा.

आता मला सांग, तुमच्याकडे पाण्याची चंगळ, शेजारी तलाव, धानाची चिखलाची जमीन. इथे काळी माती, पाऊस आला तर आला. हे झाड आयुष्यभर माझ्या आंघोळीच्या पाण्यावर जगलं. मधे अर्धा महाराष्ट्र पडलाय. तरी एकाच महिन्यात दोघं फुलतात. याला कोणी सांगितलं?  रात्री हे म्हणाले, तुझा बांबू आणि तुझा भाऊ फोनवर बोलतात वाटतं. मला हसू आलं नाही.

इथल्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. सुट्टीला गावी गेल्यात, आल्या की हात धरून आणते. तोवर तू काही उपद्व्याप करू नकोस. टिकाराम म्हाताऱ्याला सांग, त्याला ऐंशी वर्षांत बरं बोलायला जमलं नाही.

तुझी,
यशोदा

&nbsp;

सडक अर्जुनी,
८ जानेवारी २०२५

चि. यशोदा,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझा जो थोडा धीर होता तोही सुटला. एका घरी फुलला असता तर म्हटलं असतं, माती बिघडली, वीज पडली. दोन घरी एकाच वेळी फुलला म्हणजे दोष जमिनीचा नाही, रक्ताचा आहे. आपल्या घराण्यालाच काही लागलेलं आहे. आपले पूर्वज तलाव बांधणारे, कोणाच्या देवाची जागा पाण्याखाली घातली असेल, कोण जाणे.

रामलालला बेट तोडायला सांगितलं. कुऱ्हाड घेऊन आला, वर पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, फुललेल्या बांबूले मी हात लावत नाई. दुसरा कोनी पाहा." दुसराही कोणी मिळाला नाही.

आणखी एक. बिरसीवाल्यांकडून निरोप आला. तूर्त थांबू म्हणतात. त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही, जो तो आपलं घर जपतो.  आचल ताटावर बसते आणि न जेवता उठते. काल मला विचारलं, "बाबा, बांबू फुलला त्यात माझी का चूक?" मी मशीन काढून ठेवलं होतं, पण तिच्या ओठांवरून कळलं. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

मला सारखी माय दिसते, डोळे पिवळे झालेली. तू शाळेच्या कपड्यांत दारात उभी. बाबा गेले तेव्हा मी एवढा हललो नव्हतो.

गोपीचंद

&nbsp;

कुर्डूवाडी,
१९ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

आधी बस. चहा मागव. मग वाच.

बाई आल्या. अंगणात शिरल्या आणि देवळात आल्यासारख्या चपला काढून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, हे पाहायला लोक आयुष्यभर थांबतात आणि तुम्ही कीटकनाशक फवारलंत.

त्यांनी सांगितलं ते मी तुला सांगते, विश्वास बसणार नाही, माझाही बसला नव्हता. बांबू झाड नाहीच. गवत आहे. आपल्या धानाचा थोरला भाऊ. धान चार महिन्यांत फुलतं, दाणा देतं आणि मरतं, त्याचं कोणाला काही वाटत नाही. बांबू तेच करतो, फक्त चाळीस-पंचेचाळीस वर्षं घेतो. फुलला की बी टाकतो आणि मरतो. माझाही मरणार, तुझाही मरणार. त्यात कोणाचा दोष नाही, त्याचं पीक तयार झालं.

आणि आपले दोन्ही एकाच वेळी कसे फुलले? तर एका बियाण्यातून निघालेल्या बांबूच्या मुळात एकच घड्याळ चालू असतं. गड्डा तोडून कुठेही न्या, काळ्या मातीत लावा, डोंगरात लावा, घड्याळ त्याच्यासोबत जातं आणि वेळ झाली की वाजतं. चीन-जपानकडे एक जात आहे, ती एकशेवीस वर्षांनी फुलते. तिचे गड्डे लोकांनी साता समुद्रापार नेऊन लावले, तिथेही ते त्याच सुमारास फुलले. मी विचारलं, पण मोजतो कसा? बाई म्हणाल्या, ते अजून कोणालाच नीट उलगडलेलं नाही. एवढी शिकलेली बाई असं म्हणाली तेव्हा मी पुन्हा वळून बांबूकडे पाहिलं. चाळीस वर्षं मी ज्याच्यावर आंघोळीचं पाणी ओतत होते, तो तिथे उभा राहून वर्षं मोजत होता.

तेव्हा घराण्याला काही लागलेलं नाही. बाबांनी त्या फुलोऱ्याचं बी पेरलं, त्यातून तुझं बेट आलं, त्याचा गड्डा माझा. घड्याळ एक, दोन घरं. बस.

बाईंनी जाताना एक विचारलं, मागच्या वेळी फुलला तेव्हा घरात उंदीर फार झाले होते का? मी म्हटलं, आठवून सांगते.

राहिले बिरसीवाले. पोरीचं साक्षगंध करायचं, साडी-नारळ घ्यायचं आणि गवत फुललं म्हणून मागे फिरायचं, ही कुठली माणुसकी? मी आजच देवकाबाईंना पत्र टाकते आहे. साक्षगंधात तिनं मला तीनदा पेढा भरवला होता, तेवढ्या हक्कानं चार शब्द सुनावीन.

यशोदा

&nbsp;

सडक अर्जुनी,
२८ जानेवारी २०२५

यशोदा,

बिरसीला पत्र टाकू नको. टाकलं असशील तर दुसरं टाकून म्हण की चूक झाली. मोठा भाऊ म्हणून सांगतो, कारण विचारू नको.

तुझ्या बाई शिकलेल्या असतील. मायला त्यांनी पाहिलं नव्हतं.

गोपीचंद

&nbsp;

बिरसी,
६ फेब्रुवारी २०२५

यशोदाबाईले देवकाबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र भेटलं. पीयूषले वाचाले देलं नाई, सोताच वाचलं, आन सोताच लिवून राहिली, तं भासा सांभाळून घ्या.

बाई, तुमी मले एवढं बोलल्या, पन आमी लगन कायले थांबवू? आमी थांबवलंच नाई. तुमचे भाऊच आले होते, नव्या वर्साच्या दुसऱ्या दिवसी, येकटेच. चहाले हात लावला नाई. हात जोडले आन म्हनाले, "माझ्या घरात यंदा मरन आहे. तुमच्या पोराले त्याच्यात ओढत नाई. पोरगी तुमचीच, पन यंदा लगन नको." मी म्हनलं, भाऊजी, कोनाले झालं का? तं म्हनाले, "अजून नाई." मानूस असं बोलते तं काळीज हालते. त्याईनं सांगतलं, आचलले सांगू नका, तिले वाटू द्या का आमीच थांबवलं. काऊन, तं तिनं बापाले दोस देऊ नये म्हनून.

आता माझी गोस्ट आयका. कोनाले सांगतली नाई.

तुमच्या घरून आलेला गड्डा मी अंगनात लावला होता. पावसाच्या पान्यात चांगला धरला, मांडीयेवढे कोंब आले. नवी सून येईल तं तिले माहेरचं झाड दिसंल म्हनून रोज पानी घातलं. दिवाळीच्या मागून पाहिलं तं त्याचे पानं झडले, आन येवढ्याशा रोपाले फुलं आले. सा महिन्याचं रोप, बाई. लेकराच्या तोंडावर दाढी आल्यासारखं वाटलं मले. मी घाबरली. वाटलं, माझ्याच हातचं पाप, आता पोरीवाले म्हनतीन का इच्या अंगनात आपलं झाड मरते तं पोरगी का जगंल. म्हनून त्याच्यावर कोंबड्या झाकाचा डाला झाकून ठेवला. आजवर झाकलाच आहे. पीयूष इचारते तं सांगतो, कोंबड्या खातेत.

तुमच्या पत्रात घड्याळीची गोस्ट वाचली आन जाऊन डाला काढला. लय येळ पाहत राहिली.

लगन करायचं तं करा. आमच्याकडून ना नाई, कधीच नव्हती.

देवकाबाई

&nbsp;

कुर्डूवाडी,
१३ फेब्रुवारी २०२५

दादा,

देवकाबाईंचं पत्र सोबत ठेवलं आहे. वाच. मग माझं वाच.

मला तुझा राग आला होता, तो गाडीत घालून तुझ्या दारात आणून ओतावा असं वाटत होतं. पोरीला खोटं सांगितलंस, मला खोटं लिहिलंस, भल्या माणसांना बदनाम केलंस. पण देवकाबाईंनी तुझे जोडलेले हात लिहिले आणि माझा राग निघून गेला. तू एकटा किती घाबरला आहेस ते मला इतके दिवस कळलंच नाही. मी आपली घड्याळाच्या गोष्टी सांगत बसले.

आणि बघ, कसे आहोत आपण. तू सांदवाडीत घाबरलास, मी औषध फवारलं, देवकाबाईंनी डाला झाकला. मायच्या वेळीही आपल्या दोन्ही आत्यांच्या घरी त्याच बेटाचे गड्डे होते. ते फुलले नसतील का? फुललेच असतील. कोणी कोणाला कळवलं नाही. प्रत्येकीला वाटलं, आपल्याच घरावर आलं.

आता उंदरांचं. बाईंनी विचारलं तेव्हापासून मी आठवते आहे, आणि जे आठवलं त्यानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्या वर्षी बांबूचं बी पडलं, अंगणभर, जंगलभर. आपण टोपल्या भरभरून गोळा केलं, मायनं त्याचा भातही केला होता, तुला आवडला होता. आणि मग उंदीर आले. आठवतात का? दिवसा भिंतीवरून पळायचे. बी संपलं तसे धान साठवायच्या ढोलीत शिरले. बियाण्याचं धान खातील म्हणून माय ढोलीजवळ खाली अंथरूण टाकून निजायची. सकाळी ओलं, घाण झालेलं धान उघड्या हातांनी वेगळं करायची. पाऊस सुरू झाला तरी तेच. तिच्या टाचा भेगाळलेल्या, हात कापलेले. मग ताप, पोटऱ्या दुखतात म्हणून रडली, डोळे पिवळे झाले. आपण कावीळ समजून झाडपाला दिला.

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी जखमा, ताप, पोटऱ्या पुन्हा नीट विचारून घेतल्या. मग म्हणाल्या, उंदराच्या मुतातून एक ताप येतो, जखमेतून अंगात शिरतो, पावसाळ्यात फार. इतक्या वर्षांनी खात्रीनं कोणी सांगू शकणार नाही, पण खुणा त्याच्या आहेत. आज त्यावर साध्या गोळ्या आहेत. तिकडे मिझोराममध्ये बांबू अठ्ठेचाळीस वर्षांनी फुलतो, तेव्हा एवढे उंदीर होतात की उभं पीक खाऊन दुष्काळ पाडतात. १९५९ साली असाच दुष्काळ पडला, सरकारनं लक्ष दिलं नाही, आणि त्या संतापातून पुढे बंड झालं. गवताच्या फुलावरून, दादा.

म्हणजे टिकाराम खोटं बोलत नव्हता. बांबू फुलला की मरण येतं, हे खरंच होतं. फक्त ते कुठल्या दारानं येतं ते कोणी पाहिलं नव्हतं.

तर ते दार लाव. बी अजून पडायचं आहे. ढोलीच्या पायांना पत्रा ठोक. फटी लिंप. बी पडेल तसं रोजच्या रोज झाडून गोळा कर. बांधावर जाताना गमबूट घाल, वहिनीलाही घाल, हसू देत लोक. रामलालला, टिकारामला, सगळ्यांना सांग. आणि पावसाळ्यात कोणाला ताप आला तर झाडपाला नाही, सरळ दवाखाना.

आणि आचलला खरं काय ते तू स्वतः सांग. मशीन लावून सांग, म्हणजे तिचं उत्तर ऐकू येईल.

यशोदा

&nbsp;

सडक अर्जुनी,
२५ ऑगस्ट २०२५

चि. यशोदा,
तुला, जावईबापूंना आशीर्वाद.

अक्षय तृतीयेला आचलच्या लग्नात तू आली होतीस, तेव्हा सगळं बोलणं झालं असं तुला वाटलं असेल. नाही झालं. तू निघाल्यावर उन्हाळा सरला, आषाढ लागला, मग श्रावण, आणि मी तोंड उघडायला तयार नव्हतो. आता श्रावण संपला. परवा पोळा झाला. घरात सगळे आहेत. म्हणून आज लिहितो.

उंदीर आले. तू म्हणालीस तसेच, आणि मला आठवत होते त्याहून जास्त. मृगाच्या सुमारास रात्री छतावर दगड फेकल्यासारखा आवाज. पण ढोलीला पत्रा होता, खाली बी नव्हतं. गावात मी दारोदार फिरलो. पहिल्यांदा हसले. "गोपीचंदभाऊ बहिरे होते, आता बूट घालून पाटील झाले," म्हणाले. मग टिकाराम म्हाताऱ्यानं, ज्यानं मला डिसेंबरात अर्धमेला केला त्यानंच, चौकात उभं राहून सांगितलं, "हा सांगते ते आयका. त्याची माय गेली आहे." त्यानंतर बुटांना कोणी हसलं नाही. आता अर्ध्या गावाच्या पायात आहेत.

श्रावणात रामलालच्या बायकोला ताप आला. पोटऱ्या दुखतात म्हणाली. यशोदा, तो शब्द ऐकला आणि मला माय दिसली. लगेच तिला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. त्यानं विचारायच्या आधीच मी डॉक्टरला सांगितलं, उंदीर झाले आहेत. त्यानं माझ्याकडे पाहिलं, रक्त घेतलं, गोळ्या सुरू केल्या. तोच ताप निघाला. चार दिवसांनी ती घरी चालत आली.

त्या दिवशी मी सांदवाडीत जाऊन वाळलेल्या बेटाखाली बसलो आणि रडलो. तुझ्या वहिनीला वाटलं, पुन्हा काही झालं. मी म्हटलं, काही नाही, माय वाचली असती. गोळ्यांनी वाचली असती. पंचेचाळीस वर्षं मी या झाडाकडे भीतीनं पाहिलं, आणि ढोलीकडे एकदाही पाहिलं नाही.

आचलला मी लग्नाआधीच सांगितलं होतं की थांबवणारा मी होतो. ती काय म्हणाली ते तुला सांगितलं नव्हतं. म्हणाली, "मले ठाऊक होतं बाबा. देवकाबाईनं फोन करून विचारलं होतं, तुझे बाबा बरे आहेत ना. लग्न थांबवणारे असं विचारत नाईत." म्हणजे घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि सगळे एकमेकांपासून लपवत होते. आपण तलाव बांधणारी माणसं, पाणी अडवायला शिकलो, बोलणंही अडवायला शिकलो.

लग्नात नेण्यासारखा गड्डा उरला नव्हता, म्हणून तिच्या ओटीत बी घातलं होतं ते तू पाहिलंस. पीयूषनं ते बिरसीला पेरलं, देवकाबाईंच्या मेलेल्या रोपाच्या जागीच. मीही सांदवाडीत पेरलं. काल पाहिलं तर वीतभर आलं आहे. खरं सांगतो, शेजारच्या बांधीतलं धान कोणतं आणि बांबू कोणता, मला ओळखू आलं नाही. तुझ्या बाई खरं बोलल्या, भाऊच आहेत.

हे फुलेल तेव्हा आचल सत्तर वर्षांची होईल. तू-मी नसू. मी तिला सांगून ठेवलं आहे की फूल दिसलं की घाबरायचं नाही, आधी ढोलीला पत्रा लावायचा, आणि मग ज्या ज्या घरी आपलं बी गेलं त्या सगळ्या घरी कळवायचं. तिनं विचारलं, तेव्हा ढोल्या असतील का? मी म्हटलं, माहीत नाही, पण उंदीर असतील.

पाकिटात चिमूटभर बी घातलं आहे. तुझं अंगण रिकामं ठेवू नको. आपण त्याचं फूल पाहणार नाही, तरी पेर.

तुझा दादा,
गोपीचंद